उतईला आधी, पुण्याला नंतर

घर विकायचे असेल तर ते चैत्र-वैशाखात दाखवावे, असे मुरलेले लोक सांगतात. भिंतींची ओल सुकलेली असते, चुन्याचा हात नुकताच फिरलेला असतो, गच्चीवर पाणी नसते आणि मागच्या नाल्याचा कोणाला संशयही येत नाही. भिलाईच्या दक्षिणेला, पोलाद कारखान्याच्या आधाराने वाढलेल्या वस्त्या जिथे धानाच्या शेतांत शिरतात, तिथे उतई आहे. एके काळचे खेडे, आता नगर पंचायत. तिथे भर उन्हाळ्यात घर बघायला गेलेल्या माणसाने विचारावे, "पावसात गळत नाही ना?" आणि मालकाने छताकडे बघत म्हणावे, "तुमच्यासमोरच आहे की सगळं." या उत्तरात एकही शब्द खोटा नाही. तरी ही फसवणूक आहे का? हा प्रश्न दोन हजार वर्षे तत्त्वज्ञांना आणि वकिलांना छळतो आहे. उतईपुरते बोलायचे तर त्याचे उत्तर १ जुलै १८८२ रोजी कायद्याच्या पुस्तकात आले.

त्या दिवशी मालमत्ता हस्तांतरणाचा कायदा, वकिलांच्या तोंडचा 'टी. पी. अॅक्ट', अमलात आला. तो सुरुवातीला साऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानाला लागू नव्हता. मुंबई इलाखा, पंजाब आणि ब्रिटिश ब्रह्मदेश वगळलेले होते. उतईचा परिसर तेव्हा मध्य प्रांतात, रायपूर जिल्ह्यात होता. दुर्ग हा वेगळा जिल्हा झाला तो १९०६ मध्ये. मध्य प्रांत वगळलेल्यांच्या यादीत नव्हता, म्हणून नागपूर, वर्धा, भंडारा यांच्याबरोबर छत्तीसगडच्या वाट्यालाही हा कायदा पहिल्याच दिवशी आला. पुणे, सातारा, नाशिक आणि खुद्द मुंबई यांना तो मिळाला १ जानेवारी १८९३ रोजी. साडेदहा वर्षांचा फरक. टिळक-आगरकरांच्या पुण्यात घर विकणारा अगदीच मोकाट होता असे नाही. एल्फिन्स्टनच्या १८२७ च्या रेग्युलेशनप्रमाणे जिथे कायदा किंवा रूढी सापडत नाही तिथे न्यायाधीशाने न्याय, समता आणि सदसद्विवेक वापरायचा होता. पण सदसद्विवेक न्यायाधीशागणिक बदलतो. घर विकणाऱ्याने काय काय सांगितलेच पाहिजे, हे कलम म्हणून छापील स्वरूपात उतईला आधी मिळाले आणि पुण्याला नंतर.

यातली गंमत अशी की १८८२ मध्ये उतईसारख्या गावात घर किंवा जमीन म्हणून विकण्यासारखे फारसे काही नव्हतेच.

छत्तीसगडात मराठे आले १७४१ मध्ये, नागपूरकर भोसल्यांचे सेनापती भास्करपंत यांच्या स्वारीने. १७५८ पासून बिंबाजी भोसले रतनपूरला राहून कारभार पाहू लागले. १८५४ मध्ये नागपूरचे राज्य इंग्रजांनी खालसा करीपर्यंत, मधला इंग्रजी देखरेखीचा काळ सोडला तर, हा मुलुख नागपूरच्या गादीखाली राहिला. या काळात इथल्या गावाचा पुढारी म्हणजे गौंटिया. सरकारशी सारा ठरवायचा तो त्याने, गावात वाटून वसूल करायचा तोही त्यानेच. शेतांची वाटणी मात्र कायमची नसे. छत्तीसगडात 'लाखाबाटा' नावाची रीत होती. काही वर्षांनी गावातली जमीन पुन्हा एकत्र धरायची आणि नांगरांच्या हिशेबाने नव्याने सारखी वाटायची, म्हणजे चांगली काळी जमीन एकाच्या आणि मुरमाड दुसऱ्याच्या गळ्यात कायमची पडू नये. जे शेत पुढच्या फेरवाटणीत शेजाऱ्याकडे जाणार, ते विकायचे कोणाला आणि काय सांगून? घर तर मातीच्या भिंतींचे आणि खापरीच्या छपराचे. माणूस गाव सोडून गेला तर लाकूडफाटा घेऊन जाई, जागा गावाकडे राही.

देशावर चित्र वेगळे होते. इथे मिरास होती, वतन होते, वाडे होते, आणि ते विकलेही जात. पण विक्री ही दोघांतली गोष्ट नव्हती. जुन्या खरेदीखतांत आणि महजरांत पाटील, कुलकर्णी, बलुतेदार आणि शेजारचे शेतकरी यांच्या साक्षी दिसतात. पाटलाच्या नावापुढे नांगराची निशाणी, इतरांपुढे त्यांच्या त्यांच्या धंद्याची. चतुःसीमा सांगितलेल्या असतात. उद्या कोणी दाईज उभा राहिला तर त्याचे निवारण विकणाऱ्याने करायचे, अशी हमी असते. गोतासमोर व्यवहार झाला की लपवाछपवी अवघड. कोणाच्या विहिरीचे पाणी कधी आटते, कोणत्या खोलीत भावाचा हक्क अडकला आहे आणि कोणता वाडा सावकाराकडे गहाण पडला आहे, हे साक्षीला बसलेल्या दहा जणांना विकणाऱ्याइतकेच ठाऊक असे.

ही रीत मराठ्यांनी काढलेली नाही. कल्याणीच्या चालुक्यांच्या राज्यात बसून विज्ञानेश्वराने मिताक्षरा लिहिली, तिच्यात जमीन दुसऱ्याकडे जाण्यासाठी गाव, भाऊबंद, शेजारी आणि वारस यांची संमती सांगितली आहे. त्याहून जुन्या कौटिल्याच्या अर्थशास्त्रात तर घरविक्रीचा सोहळाच आहे. आधी हक्क नातेवाइकांचा, मग शेजाऱ्यांचा, मग सावकाराचा, नंतर बाहेरच्यांचा. घर विकायचे तर शेजारच्या चाळीस कुटुंबांसमोर, घराच्या दारात उभे राहून, सीमा सांगून, मोठ्याने पुकारा करायचा. आज वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर बारीक टाइपात 'जाहीर नोटीस' येते आणि कोणाची हरकत असल्यास पंधरा दिवसांत कळवा असे वकीलसाहेब लिहितात, तो याच पुकाऱ्याचा अशक्त वंशज. फरक एवढाच की कौटिल्याच्या चाळीस घरांना ऐकू जायचे. नोटीस कोण वाचते?

या जुन्या रीतीवर फार लोभ करण्याचे मात्र कारण नाही. गाव बोलत होते, पण ते आपल्या माणसांशी. बाहेरच्याला, खालच्या मानलेल्या जातीच्या माणसाला, गावकुसाच्या आत घर घेण्याची मुभाच नव्हती. दोष लपवण्याचा प्रश्न उद्भवत नसे, कारण परका गिऱ्हाईक दारातच येत नसे. विकणाऱ्याने काय सांगावे हा प्रश्न खरा जन्मतो तो अनोळखी माणूस पैसे घेऊन उभा राहतो तेव्हा.

छत्तीसगडात तो अनोळखी माणूस इंग्रजी बंदोबस्ताच्या पाठोपाठ आला. १८६१ मध्ये मध्य प्रांत तयार झाला. त्या दशकात गावोगाव मोजणी झाली, रायपूर जिल्ह्याचा बंदोबस्ताचा अहवाल ह्यूइट या अधिकाऱ्याने १८६९ मध्ये दिला, आणि कालपर्यंत सारा गोळा करणारा गौंटिया कागदावर मालगुजार, म्हणजे गावाचा मालक झाला. मालकी आली म्हणजे ती गहाण टाकता येते, विकता येते, कोर्टाच्या हुकूमनाम्यात जप्त होते. गाव खरेदी करणारा सावकार आता रायपूरला बसून व्यवहार करू शकत होता. त्याने उतईकडची विहीर पाहिलेली असायची गरज नव्हती. चाळीस घरांची जागा एका दस्तऐवजाने घेतली. दस्तऐवज स्वतःहून काही बोलत नाही, तेव्हा विकणाऱ्याला बोलते करणे भाग होते.

हे बोलते करण्याचे काम सरळ झाले नाही. मालमत्ता हस्तांतरणाचा मसुदा लंडनमध्ये तयार होऊन १८७० मध्ये हिंदुस्थानात आला, १८७७ मध्ये विधेयक म्हणून मांडला गेला, मग १८७९ मध्ये व्हिटली स्टोक्स, सर चार्ल्स टर्नर आणि रेमंड वेस्ट या तिघांच्या आयोगाकडे गेला. यातले वेस्ट मुंबई हायकोर्टाचे न्यायमूर्ती. हिंदू कायद्यावरच्या ब्यूलरबरोबरच्या ग्रंथामुळे आपल्याकडच्या वकिलांना ते चांगले परिचित होते. त्यांच्याच इलाख्याला हा कायदा दहा वर्षे उशिरा मिळावा, हा योग नोंदवण्यासारखा आहे.

या मंडळींच्या मागे इंग्लंडची जुनी परंपरा होती. तिचा सूर असा की घेणाऱ्याने डोळे उघडे ठेवावेत, विकणारा त्याचा पालक नव्हे. आणि हाच सूर दहा वर्षे आधी हिंदुस्थानात शिरलेला होता. १८७२ च्या करार कायद्याचे कलम १७ फसवणुकीची व्याख्या करते आणि सांगते की नुसते गप्प बसणे म्हणजे फसवणूक नव्हे, बोलण्याचे कर्तव्यच असेल तर गोष्ट वेगळी. त्याखाली उदाहरणे दिली आहेत, पहिली तीन घोड्याच्या बाजारातली वाटावीत अशी. 'अ' लिलावात 'ब'ला घोडा विकतो. घोडा सदोष आहे हे 'अ'ला माहीत आहे. तो काही बोलत नाही. ही फसवणूक नव्हे. दुसऱ्या उदाहरणात 'ब' ही 'अ'ची नुकतीच सज्ञान झालेली मुलगी आहे. तिला मात्र सांगावे लागेल, नात्यामुळे. तिसरे उदाहरण या सगळ्यांत कामाचे आहे, पण त्याच्याकडे शेवटी येऊ.

घोड्याच्या बाबतीत हे चालेलही. गिऱ्हाईक घोडा पळवून बघते, दात मोजते, नालबंदाला दाखवते. घराचे काय? पाया उघडून बघता येत नाही. मालकाच्या धाकट्या भावाने गेल्या महिन्यात वाटणीचा दावा लावला आहे, हे भिंतीवर लिहिलेले नसते.

घोडा आणि घर यांतला हा फरक रोमन लोकांनी फार पूर्वी ओळखला होता, आणि तोही एका घराच्याच खटल्यात. किकेरो, ज्याला आपण इंग्रजीच्या वळणाने सिसेरो म्हणतो, त्याने ख्रिस्तपूर्व ४४ मध्ये कर्तव्यांवर लिहिलेल्या ग्रंथात तो सांगितला आहे. रोममध्ये शकुन पाहणाऱ्या पुरोहितांना टेकडीवरून आकाश मोकळे दिसावे लागे. कॅलियन टेकडीवरच्या क्लॉडियस सेंटुमॅलस नावाच्या गृहस्थाचे उंच घर त्यांच्या नजरेच्या आड येत होते. त्यांनी हुकूम दिला, वरचा भाग पाडा. सेंटुमॅलसने लगबगीने घर विक्रीला काढले आणि कॅल्पर्नियस लॅनेरियस या माणसाला विकून टाकले. हुकुमाबद्दल चकार शब्द काढला नाही. नव्या मालकाला पुरोहितांनी तोच हुकूम दिला, त्याने तो मुकाट पाळला, वरचा भाग पाडला, आणि मग त्याला कळले की हुकूम आधीच निघालेला होता. खटला मार्कस केटोपुढे गेला, धाकट्या केटोच्या वडिलांपुढे. त्यांचा निकाल असा की विकणाऱ्याला दोष माहीत होता आणि त्याने तो सांगितला नाही, तेव्हा नुकसान विकणाऱ्याने भरावे. महापालिकेची नोटीस खिशात ठेवून सदनिका विकणाऱ्या आजच्या माणसाची ही जन्मकुंडलीच आहे.

त्याच ग्रंथात दोन स्टोइक तत्त्वज्ञांचा वाद आहे. एक भला माणूस घर विकतो आहे. घर रोगट आहे, लाकूड कुजलेले आहे, प्रत्येक खोलीत साप निघतात, आणि हे त्याच्याशिवाय कोणालाच माहीत नाही. अँटिपेटर म्हणतो, न सांगणे म्हणजे वाट चुकलेल्याला वाट न दाखवणे. डायोजेनिस म्हणतो, त्याने काही कोणाला घ्यायची जबरदस्ती केली नाही. आणि आपलेच रोगट घर विकतोय अशी दवंडी पिटणारा कोणी असतो का? मला डायोजेनिसचा मुद्दा हुशारीचा वाटतो आणि अँटिपेटरचा खरा. किकेरो अँटिपेटरच्या बाजूने आहे. आपल्याकडे 'झाकली मूठ सव्वा लाखाची' असे कौतुकाने म्हणतात, पण मूठ विकायला काढली की त्या कौतुकाचा अर्थ बदलतो.

१८८२ च्या कायद्याने कलम ५५ मध्ये अँटिपेटरची बाजू घेतली, पण मोजूनमापून. मालमत्तेत (१९२९ च्या दुरुस्तीनंतर मालकी हक्कातही) एखादा महत्त्वाचा दोष असेल, तो विकणाऱ्याला माहीत असेल, घेणाऱ्याला माहीत नसेल आणि सर्वसाधारण काळजी घेऊनही त्याला तो सापडला नसता, तर विकणाऱ्याने तो सांगितलाच पाहिजे. पुढे त्याच कलमाच्या शेवटी एक छोटे, पण जड वाक्य आहे: हे न सांगणे ही फसवणूक. दहा वर्षांपूर्वी घोड्याच्या बाबतीत जे गप्प बसणे माफ होते, तेच घराच्या बाबतीत कपट ठरले. याच कलमात कागदपत्रे मागितली की दाखवण्याचे, विचारलेल्या प्रश्नांची माहितीप्रमाणे उत्तरे देण्याचे आणि विक्रीच्या दिवसापर्यंतचे सरकारी कर व बोजे फेडण्याचे ओझेही विकणाऱ्यावर टाकले आहे. आणि न्याय एकतर्फी नाही. विकणारी बाई आपला हिस्सा अर्धाच समजते, पण तो पूर्ण आहे हे घेणाऱ्याला ठाऊक आहे, अशा वेळी घेणाऱ्यानेही बोलले पाहिजे, नाहीतर तोही फसवणारा. ही दुसरी बाजू फार कमी लोकांना माहीत असते.

'महत्त्वाचा' दोष कोणता? इंग्लंडमधल्या १८३४ च्या एका निकालाचा दाखला इथल्या कोर्टांतही वारंवार दिला जातो. कॉव्हेंट गार्डनमधल्या एका जागेचा भाडेपट्टा लिलावात निघाला. जाहिरातीत लिहिले होते की दुर्गंधीचे धंदे चालणार नाहीत. प्रत्यक्ष पट्ट्यात मनाई होती ती कॉफीच्या दुकानापासून फळांच्या दुकानापर्यंत. कोर्टाने कसोटी दिली: हे माहीत असते तर घेणारा या व्यवहारात पडलाच नसता, असे म्हणता येईल का? येत असेल तर दोष महत्त्वाचा. भिंतीचा पोपडा या कसोटीला उतरत नाही. भावाचा दावा, भूसंपादनाची नोटीस, मंजुरीशिवाय चढवलेला मजला, हे उतरतात.

कलमाला पळवाटाही आहेत, आणि त्या कायद्यातच लिहिल्या आहेत. पहिली, ही सगळी कर्तव्ये 'उलट करार नसल्यास' आहेत. दुसरी, 'सर्वसाधारण काळजी' या दोन शब्दांत लपलेली. ही काळजी कितपत, याची रेघ पुढे पुढे घेणाऱ्याच्या अंगावर सरकत गेली. १९२९ च्या दुरुस्तीने ठरले की दस्त नोंदलेला असेल तर त्यातला मजकूर घेणाऱ्याला माहीत होता असेच धरायचे, त्याने तो वाचला असो वा नसो. आणि घरात जो प्रत्यक्ष राहतो आहे, त्याचा जो काही हक्क असेल त्याचीही माहिती होती असे धरायचे. म्हणजे घर बघायला गेल्यावर मागच्या खोलीत बसलेली म्हातारी कोण, हे विचारायचे राहिले तर कायदा म्हणणार, विचारायला हवे होते. मुंबई प्रांताने १९३९ मध्ये उलट दिशेने एक चांगली सोय केली: कोर्टात चालू असलेल्या दाव्याची नोटीस नोंदवावी लागेल, तरच ती नंतरच्या खरेदीदाराला बांधील. मध्य प्रांताला तशी सोय मिळाली नाही. इथे मुंबईला आधी आणि उतईला अद्याप नाही.

उतईच्या दाव्यांची वाट मात्र बराच काळ मराठी मुलुखातूनच जात होती. दुर्गचे अपील आधी नागपूरच्या ज्युडिशियल कमिशनरकडे, १९३६ पासून नागपूर हायकोर्टात. १९५६ मध्ये राज्य पुनर्रचना झाली आणि वाट जबलपूरला वळली. २००० मध्ये छत्तीसगड झाले आणि आता ती बिलासपूरला जाते.

नागपूरशी असलेली ही गाठ सुटण्याच्या थोडेच आधी उतईचे नशीब पालटले. २ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात भिलाईच्या पोलाद कारखान्याचा करार झाला. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिली झोतभट्टी पेटली. मधल्या चार वर्षांत गावेच्या गावे संपादित झाली, मालगुजारी १९५१ मध्येच गेलेली होती, आणि शेतकरी प्रथमच स्वतःच्या नावाने जमिनीचा मालक म्हणून बाजारात उभा होता. विदर्भातून, बंगालमधून, आंध्रातून, केरळातून माणसे नोकरीला आली. सेक्टरमधले क्वार्टर कारखान्याचे, ते निवृत्तीबरोबर सुटणार. मग निवृत्तीच्या आधी कुठेतरी चार भिंती हव्यात. सुपेला, रिसाली, मग आणखी पुढे उतईकडचा रस्ता. अमरावतीहून आलेल्या फिटरला धानाच्या शेताचा इतिहास कुठून माहीत असणार? ज्या अनोळखी गिऱ्हाइकासाठी १८८२ मध्ये कलम लिहिले गेले होते, तो गिऱ्हाईक उतईला सत्तर-ऐंशी वर्षांनी पोचला.

त्याच वेळी मुंबईत वेगळेच बिंग फुटत होते. मालकीच्या सदनिकांचा धंदा नवा होता, बिल्डर पैसे घेत होते आणि जमीन कोणाची, तिच्यावर कर्ज किती, नकाशा मंजूर आहे की नाही, यांतले काहीच सांगत नव्हते. २० मे १९६० रोजी, महाराष्ट्र राज्य होऊन तीन आठवडेही झाले नव्हते तेव्हा, सरकारने या गैरप्रकारांच्या चौकशीसाठी समिती नेमली. तिच्या अहवालातून १९६३ चा महाराष्ट्र मालकी सदनिका कायदा आला, 'मोफा' या नावाने सर्वांना ठाऊक असलेला. त्याचे तिसरे कलम बिल्डरला जमिनीच्या मालकीची आणि बोज्यांची पूर्ण व खरी माहिती द्यायला लावते, नकाशे दाखवायला लावते. कलम ५५ विकणाऱ्याला म्हणत होते की दोष असेल तर सांग. मोफा म्हणाला, दोष असो नसो, सगळे मांड. माझ्या मते या विषयातली देशातली सर्वांत मोठी उडी हीच, आणि ती महाराष्ट्राने मारली. ती पाळली किती गेली हा वेगळा प्रश्न. वरळीच्या कॅम्पा कोला आवारातले मंजुरीशिवायचे मजले मोफा असतानाच १९८० च्या दशकात चढले, आणि २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते पाडण्याचाच निर्णय दिला.

मग १ मे २०१७ रोजी रेरा, म्हणजे स्थावर मालमत्ता व्यवहारांच्या नियमनाचा कायदा, पूर्णपणे अमलात आला. आता बिल्डरला प्रकल्पाची मालकी, बोजे, मंजुऱ्या, दावे हे सारे प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर टाकावे लागते. पाच वर्षांत बांधकामात दोष निघाला तर तो फुकट दुरुस्त करून द्यावा लागतो. मालकी हक्कच सदोष निघाला तर भरपाईला मुदतीची अडचण नाही. प्लॉट पाडून विकणेही यात येते, म्हणून उतईच्या बाजूला शेताचे तुकडे करून, चुन्याच्या रेघा मारून, 'पाचशे चौरस मीटरच्या वर' जागा विकणाऱ्यालाही नोंदणी चुकत नाही. पण रेरा प्रवर्तकाला पकडतो. निवृत्त फिटर आपले पंधरा वर्षे वापरलेले घर विकतो तेव्हा रेरा तिथे नसतो. तिथे पुन्हा तेच कलम ५५.

आणि लपवण्याच्या गोष्टी काळाप्रमाणे बदलल्या आहेत. उतईत शेतजमिनीचे डायव्हर्शन, म्हणजे बिगरशेती वापरात रूपांतर, न करताच घर बांधलेले असते. बी-वन आणि खसरा या जमिनीच्या नोंदींत नाव अजून आजोबांचे असते. जमीन मूळची आदिवासी खातेदाराची असेल तर जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय ती बिगरआदिवासीकडे जाऊ शकत नाही, हे सांगितले जात नाही. महाराष्ट्रात सात-बाराच्या 'इतर हक्कां'त काहीतरी एका ओळीत अडकलेले असते. दोन्हीकडे सारखी आढळणारी गोष्ट म्हणजे बहीण. २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीचा हक्क मुलाइतका झाला, तरी घर विकताना "बहिणीचं काही नाही, तिचं लग्न झालंय" हे वाक्य अजून चालते. लग्नाने हिस्सा जात नाही. विकणाऱ्याला ते माहीत असते, म्हणूनच तो ते वाक्य इतक्या घाईने म्हणतो. विजेची थकबाकी हा आणखी एक. लिलावात 'जसे आहे तसे' घेतलेल्या मालमत्तेला नवी जोडणी देताना जुन्या मालकाचे बिल नव्याकडून मागता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये सांगितले.

अमेरिकेत या बाबतीत छापील नमुना असतो. कॅलिफोर्नियात १९८७ पासून घर विकणाऱ्याला छप्पर, नळ, भेगा, शेजाऱ्यांचे तंटे अशा प्रश्नांची यादी भरून सही करून द्यावी लागते. न्यूयॉर्क राज्यात नायॅक गावच्या एका घराची गोष्ट तर भुताची आहे. मालकिणीने आपल्या घरातल्या भुतांबद्दल मासिकात लिहून चारचौघांत कीर्ती मिळवली होती, परगावच्या खरेदीदाराला मात्र सांगितले नव्हते. १९९१ मध्ये अपील कोर्टाने गमतीने का होईना, कायद्याच्या दृष्टीने घर झपाटलेले आहे असे धरले आणि खरेदीदाराला सौदा मोडू दिला. आपल्याकडे भूत लपवले जात नाही, ते शेजारी आधी सांगतात. लपवली जाते ती नोटीस.

आपल्या १८८२ च्या कायद्याला मात्र असा कोणताही छापील नमुना जोडलेला नाही. म्हणून उतईत असो की उरुळीत, घर घ्यायला निघालेल्यांना एवढेच सांगायचे आहे. करार कायद्याचे ते तिसरे उदाहरण आठवा. 'ब' म्हणतो, तू नाकारले नाहीस तर घोडा निर्दोष आहे असे मी धरून चालेन. 'अ' गप्प बसतो. इथे, कायदा म्हणतो, गप्प बसणे म्हणजे बोलणेच. तेव्हा इसार देण्याआधी विकणाऱ्याला एक पत्र द्या: छत गळत नाही, मालमत्तेवर दावा नाही, कोणाचा हिस्सा राहिलेला नाही, कर आणि वीजबिल थकलेले नाही, डायव्हर्शन झालेले आहे, नोटीस आलेली नाही, आपण आठ दिवसांत नाकारले नाही तर मी हे खरे धरून व्यवहार करीन. पोच घ्या आणि ती खरेदीखताबरोबर जपून ठेवा.